स्कॉटलंडची सहल आणि दादांची वही

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



"प्रवासवर्णन नको, आखणी कशी केली तेवढं सांगा," असं आपल्या कार्यवाह बाईंनी मला बजावलं आहे. त्यांची भीती मला समजते. मागे एका गृहस्थांनी इथेच युरोप दाखवला, तेव्हा आपण साडेसहाला बसलो आणि साडेनऊला उठलो होतो. मी फोटो आणलेले नाहीत. आम्ही चौघांनी गेल्या मे महिन्यात गाडी भाड्याने घेऊन उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड पाहिलं. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी तीन-चार घरं जायचं म्हणतात, म्हणून हे बोलणं. शिवाय आखणी करताना आमच्या घरात जे झालं तेही सांगणार आहे. दादांची परवानगी घेतली आहे.

चौघं म्हणजे मी, माझी सौ., माझे थोरले बंधू आणि वहिनी. मी पासष्टीचा, बँकेतून निवृत्त. दादा सत्त्याहत्तर वर्षांचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त. माळव्यातले किती पूल त्यांनी बांधले ते वहिनींना तोंडपाठ आहे. आमची मुलगी लीड्सला असते. तिची आणि जावयांची रजा जमत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चौघं गाडी घेऊन फिरा. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडेच असतं."

झालं. मी संगणकावर तक्ता मांडून बसलो. आयुष्यभर तेच केलं होतं. यॉर्क, व्हिटबी, डरहॅम, रोमन भिंत, एडिंबरा, सेंट अँड्र्यूज, ॲबरडीन, इन्व्हरनेस, तिथून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा तो 'नॉर्थ कोस्ट ५००' नावाचा रस्ता, मग स्काय बेट, ग्लासगो, लेक डिस्ट्रिक्ट आणि परत लीड्स. बारा दिवस, अकरा हॉटेलं, सतराशे मैल. मैल हा शब्द फार फसवा आहे, मंडळी. सतराशे म्हटलं की जवळ वाटतं. त्याचे किलोमीटर होतात सत्ताविसशे. इंदूरहून निघून कन्याकुमारीला पोहोचलो असतो आणि परतीच्या वाटेला लागलो असतो. मुलीने तो तक्ता पाहिला आणि फोनवर म्हणाली, "बाबा, ही सहल आहे की टपालवाटप?"

मी तरीही आशावादी होतो, कारण माझ्या हिशेबात गाडी चालवणारे दोघं होते. एक मी आणि दुसरे दादा.

आता अवघड भाग. दादांनी मला गाडी शिकवली. १९७८ साली, नेहरू स्टेडियमच्या आसपास, फियाटमध्ये. त्यांच्या शेजारी बसून मी क्लच सोडायला शिकलो आणि टपलीही खाल्ली. दादा अजून इंदुरात गाडी चालवतात. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. औषधाने तो थांबला आहे, पण जी नजर गेली ती गेली. समोरचं नीट दिसतं, डाव्या बाजूचं कमी. त्या वर्षी फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी दोनदा घासली. वॉचमनने खांब रंगवून घेतला. आम्ही कुणी काही बोललो नाही. मोठ्या भावाला कोण सांगणार?

मीही सांगितलं नाही. पळवाट शोधली. भाड्याच्या गाड्यांना तिथे वयाची अट असते. ज्या कंपनीकडे मी चौकशी केली तिची मर्यादा पंचाहत्तर होती. मी आनंदाने दादांना म्हटलं, "नियमच आहे हो, काय करणार!" दादा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी एक कागद घेऊन आले. त्यांनी स्वतः शोधून सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला गाडी देणारी दुसरी कंपनी काढली होती. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हा घे तुझा नियम."

तेव्हा मला खरं बोलावं लागलं. मी म्हटलं, "दादा, तिकडचे रस्ते अरुंद आहेत, डावीकडे दगडी गडगे आहेत, आणि तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. मला तुमच्या शेजारी बसायला भीती वाटेल." वहिनी स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज एकदम थांबला. दादा उठले, चपला घातल्या आणि गेले. चार दिवस फोन नाही. रविवारी पोह्यांना येतात, तेही आले नाहीत. सौ. म्हणाली, "सहल राहू द्या. घर आधी." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी दादा आले. हातात वही. आपल्याकडे जुनी लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही मिळते ना, तशी. बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चालक एक. वय पासष्ट. दिवसाला किती तास? ते आधी ठरव, मग गावं लिही. तू उलटं केलंस." माझ्या सतराशे मैलांवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने एक रेघ मारली होती. काचबिंदूचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

तर आमची आखणी ही अशी झाली. दादांचा हिशेब सांगतो, तो तुम्हाला उपयोगी पडेल. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात त्याच्या निम्मा आणखी मिळवायचा. फोन तीन तास म्हणाला की साडेचार धरायचे. फोन लघुशंकेला थांबत नाही, चहा पीत नाही, आणि मेंढरांचा कळप आडवा आला तर त्याला काही वाटत नाही. म्हणून फोनच्या घड्याळाने तीन तासांच्या वर एकही दिवस जायचा नाही. तिकडे मोटरवेवर मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. साध्या दुहेरी रस्त्यावर ६० मैल, वस्तीत ३०, आणि आता बऱ्याच गावांत २०. पण हायलँड्समध्ये ६० लिहिलेलं असलं तरी सरासरी तीसच्या आसपास पडते. वळणं आहेत, चढ आहेत, आणि पुढे एखादं घर ओढत नेणारी गाडी आहे.

या हिशेबाने बारा दिवसांचे पंधरा झाले आणि सतराशे मैलांचे साडेआठशे. अकरा हॉटेलांच्या सहा जागा झाल्या. व्हिटबी, ॲबरडीन, सेंट अँड्र्यूज आणि उत्तरेचा सगळा वळसा गेला. रोमन भिंत गेली, तिचं मला फार वाईट वाटलं. इसवी सन १२२ मध्ये सुरू झालेली, समुद्रापासून समुद्रापर्यंत ७३ मैलांची भिंत, आणि आपण तिच्या शेजारून जाऊन थांबायचं नाही! पण दादांची तांबडी पेन्सिल. स्कायही गेलं, आणि तिथे सौ. बिघडली. तिने सहलीचा पहिला फोटो पाहिला तो स्कायचा होता. त्याचं काय केलं ते पुढे सांगतो.

महिना कोणता? आम्ही मे धरला आणि तुम्हीही मे ते जूनचा मध्य धरा. इंदूर तेव्हा भाजत असतं हे एक कारण. तिकडे पश्चिम स्कॉटलंडात त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल ते जून. उजेड रात्री साडेनऊपर्यंत. मुलांच्या शाळा चालू, म्हणून गर्दी कमी. आणि मिज. हे चिलटाहून लहान किडे असतात, ढगाने येतात आणि चावतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचं राज्य असतं, मेमध्ये सुरुवात असते. एकच गोष्ट हुकते. डोंगर जांभळे करणारं ते हेदर ऑगस्टमध्ये फुलतं. आम्हाला ते तपकिरी दिसलं. मला तपकिरीही आवडलं.

कागदपत्रांत वेळ घालवत नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो, तो शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आपल्या वाहन परवान्यावर तिथे पाहुण्याला बारा महिने गाडी चालवता येते. काही भाडे कंपन्या सोबत आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तो आपल्या आरटीओत मिळतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. अनामत रक्कम ते त्यावर अडकवून ठेवतात. माझं कार्ड सौ.च्या नावाला जोडलेलं होतं. नशीब, महिनाभर आधी लक्षात आलं.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या. भाडं जास्त पडतं, पण नव्या देशात डाव्या हाताला विश्रांती असलेली बरी. आणि सामान! चार माणसांची गाडी म्हणजे चार माणसं, चार मोठ्या बॅगा नव्हेत. आम्ही मोठ्या बॅगा मुलीकडे ठेवल्या आणि माणशी एक मऊ कापडी पिशवी घेतली. वहिनींच्या पिशवीत चिवडा, मेतकूट आणि लहान कुकर होता. त्यांना मी आधी हसलो होतो. हायलँड्समधल्या लहान गावांत हॉटेलचं स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं आणि बाहेर तर लख्ख ऊन असतं, त्यामुळे भूक लागल्याचं कळत नाही. नऊला कळतं. तीन ठिकाणी आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी घरं घेतली होती, तिथे त्या कुकरने आम्हाला वाचवलं. शाकाहारी पदार्थ आता सगळीकडे एखाददुसरा असतोच, पण सलग पंधरा दिवस चिप्स आणि टोमॅटोचं सूप म्हणजे प्रायश्चित्तच.

लीड्सला तीन दिवस नुसती झोप काढली आणि मुलीच्या गल्लीत गाडीचा हात बसवला. तिथल्या गोल चौराह्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कायदा आपल्याकडेही तोच आहे म्हणतात. पहिल्या दिवशी मी एका चौराह्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. मागून सौ. म्हणाली, "अकरा पूर्ण करा, मग निघू."

मग स्किप्टनवरून यॉर्कशर डेल्समधून केझिकला. वाटेत रिबलहेडचा रेल्वेपूल लागतो, उजाड माळावर चोवीस कमानी. फोनच्या नकाशाने आम्हाला मोटरवेवरून नेलं असतं. दादांनी कागदी नकाशा घेतला होता, त्यावर तांबड्या पेन्सिलीने पूल तेवढे गोल केले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार दिवस ते घरी बसून नुसते रुसले नव्हते. कागदी नकाशा तुम्हीही घ्याच. डोंगरात फोनचं नेटवर्क जातं, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतं.

लेक डिस्ट्रिक्टला चार रात्री. तिथे गाडी उभी करून ठेवा, हा माझा सल्ला. डर्वेंटवॉटर तळ्यावर लाँच फिरते, धक्क्याधक्क्यावर थांबते. एका धक्क्यावर उतरा, दोन मैल चाला, पुढच्या धक्क्यावर चढा. बॉरोडेलच्या खोऱ्यात बस जाते. गाड्यांचे तळ दहा वाजता भरून जातात, आणि हार्डनॉटसारख्या घाटात तीनास एक चढ आहे, तिथे पासष्टीत पराक्रम करू नये. आम्ही गेलोच नाही. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वराला जाऊन आलेल्या माणसाला त्याचं कौतुक वाटणार नाही. पण महाबळेश्वराचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, हा बारमाही आहे. छत्री उपयोगाची नाही, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट घ्या. आणि डोंगर पाहून छाती दडपली तर एवढं लक्षात ठेवा, की अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वात उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. मग ते एवढे मोठे का दिसतात? झाडं नाहीत, आणि पायथा थेट समुद्राच्या पातळीला. दादांचं स्पष्टीकरण आहे हे. मला पटलं.

केझिकहून निघालो त्या दिवशी आम्ही नियम मोडला. एकदाच मोडला, आणि तोही दादांच्या सांगण्यावरून. कार्लाइलपासून वीसेक मैल उत्तरेला, स्कॉटलंडची हद्द ओलांडल्यावर लँगहोम नावाचं गाव लागतं. त्याच्या माथ्यावरच्या टेकडीवर एक दगडी स्तंभ आहे, दुरून दिसतो. तो सर जॉन माल्कमचा. हे नाव इंदूरकरांना परकं नाही. १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत हा होता. पुढच्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, त्यातही हाच. महूची छावणी त्याने वसवली. नंतर तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्या नावाने झाली. जन्म लँगहोमजवळच्या शेतकऱ्याच्या घरचा, सतरा भावंडांतला एक.

दादांची नोकरीची सहा वर्षं महूत गेली. टेकडीवर चढणं आम्हा चौघांनाही शक्य नव्हतं. खाली रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि वर पाहत उभे राहिलो. नमस्कार करावा असा तो माणूस नाही, आणि पाठ फिरवावी असाही नाही. ज्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली, आणि ज्या इंदुरात आपले आजे-पणजे पोटापाण्यासाठी आले, त्या सगळ्याचा एक धागा या ओल्या, मेंढरांच्या गावात निघतो हे पाहून मला जरा गरगरल्यासारखं झालं. वहिनींनी डब्यातल्या दशम्या काढल्या. पाऊस सुरू झाला. गाडीत बसून खाल्ल्या.

या वळणामुळे तो दिवस फोनच्या घड्याळाने साडेतीन तासांचा झाला, म्हणजे दादांच्या घड्याळाने सव्वापाच. लॉख लोमंडच्या काठी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा मी थकलो होतो. आवारात वळताना डावीकडे उंच दगडी कड होती. किर्र असा आवाज आला. मागे दोघी बोलायच्या थांबल्या. दादा खिडकीतून तळं पाहत होते. पाहतच राहिले.

पुढे ग्लेन कोवरून फोर्ट विल्यमच्या परिसरात चार रात्री राहिलो. ग्लेन कोचं खोरं सुंदर आहे, पण तिथली हकीगत कळल्यावर वहिनी गाडीतून उतरायला तयार होईनात. १६९२ च्या फेब्रुवारीत राजाचे सैनिक तिथल्या मॅकडोनल्ड लोकांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, त्यांचं अन्न खाल्लं, आणि एका पहाटे उठून त्यांनाच मारलं. अडतीस माणसं मारली असं सांगतात. बाकीची बायकापोरं बर्फात पळाली. "खाल्लेल्या घरी?" एवढंच वहिनी म्हणाल्या.

आता एकेरी रस्त्यांबद्दल नीट ऐका, कारण भीती याचीच वाटते. हायलँड्समध्ये आतले बरेच रस्ते एकच गाडी मावेल एवढे असतात. मधून मधून रस्ता रुंद केलेला असतो, तिथे पांढरी पाटी असते. त्याला पासिंग प्लेस म्हणतात. समोरून गाडी दिसली की जो त्या जागेच्या जवळ असेल त्याने थांबायचं. जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, पलीकडे जायचं नाही. समोरचा वळसा घेऊन जातो आणि हात वर करतो. आपणही करायचा. मागून कुणी घाईत असेल तर तिथे थांबून त्याला पुढे सोडायचं, तो तिथला रहिवासी असतो आणि त्याला दवाखान्यात किंवा शाळेत जायचं असतं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत, यावरून तिथली माणसं पर्यटकांवर चिडतात. भेरू घाटात आयुष्य गेलेल्या आपल्या लोकांना हे सारं स्वप्नवत वाटेल. इथे आपण समोरच्याला दिवे मारतो ते 'मी येतोय' म्हणून. तिथे मारतात ते 'तू ये' म्हणून. हे कळायला मला अर्धा दिवस लागला आणि तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला माझ्यासमोर बराच वेळ खोळंबला.

एकदा मात्र मला तीसेक मीटर मागे यावं लागलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. दादा खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने खुणा करत राहिले. थोडं सरळ, थोडं उजवीकडे, बास. अगदी १९७८ सारखं. टपली तेवढी नव्हती.

स्कायचं काय केलं? फोर्ट विल्यमहून मॅलेगला रेल्वे जाते. वाटेत ग्लेनफिनन येतं, एकवीस कमानींचा तो वळणदार पूल, हॅरी पॉटरच्या सिनेमातला. दादांसाठी तो सिनेमातला नव्हता. १९०१ साली सुरू झालेला हा मार्ग, आणि पूल सगळा साध्या काँक्रीटचा, आत लोखंडी सळई नाही. त्या मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, तिची तिकिटं महाग आणि महिनोन् महिने आधी जातात. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून रोजची साधी गाडीही जाते, बऱ्याच कमी पैशांत. आम्ही तिने गेलो. मॅलेगच्या धक्क्यावरून स्कायला बोट जाते, पाऊण तासाच्या आत पोहोचवते. मोटार नेायची तर आधी जागा राखावी लागते, पायी माणसाला एवढी अडचण नाही. आम्ही चौघं पायी गेलो, आर्माडेलच्या बागेत दोन तास हिंडलो, कॉफी प्यायलो आणि दुपारच्या बोटीने परत आलो. सौ. आता सगळ्यांना सांगते, "आम्ही स्काय केलं." फोटोतले ते सुळके बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहेत हे मी सांगत नाही.

गाडी न चालवण्याचा तो दिवस माझ्यासाठी सगळ्यात चांगला ठरला. आखणी करताना चालवणाऱ्या माणसाला असे दिवस द्या. त्यालाही खिडकी असते.

फोर्ट विल्यमजवळ बॅनव्हीला कालव्याची आठ दारं एका ओळीत, पायऱ्यांसारखी आहेत. टेलफर्डचा कॅलेडोनियन कालवा, १८२२ चा. एक शिडाची बोट वर चढताना पाहण्यात आमचा दीड तास गेला. वहीत पंधरा मिनिटं लिहिली होती. लॉख नेसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ३७ किलोमीटर लांब, काळं पाणी, राक्षस दिसला नाही, त्याची खेळणी दिसली. इन्व्हरनेसला दोन रात्री. जवळच कलोडनचं माळरान आहे, १७४६ ची लढाई तासाभराच्या आत संपली आणि हायलँड्सची जुनी व्यवस्था तिच्यासोबत. तिथे जा, पण संध्याकाळी, बसेस गेल्यावर. मग ए-९ या हमरस्त्याने पिटलॉख्री, आणि खाली एडिंबराकडे. ए-९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापुढे हळू झालात म्हणून सुटत नाही.

एडिंबरात गाडी नेऊ नका. विमानतळावर परत करा आणि ट्रामने शहरात जा, आम्ही तेच केलं. पण त्याआधी साउथ क्वीन्सफेरी. दादांनी वहीच्या पहिल्या पानावर एकच जागा लिहिली होती, ती ही. फोर्थचा रेल्वेपूल, १८९०. दादांच्या कॉलेजच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. दोन खुर्च्यांवर दोन माणसं हात पसरून बसली आहेत आणि मध्ये फळीवर तिसरा, वातानाबे नावाचा जपानी इंजिनियर. कँटिलीव्हर म्हणजे काय ते माणसांच्या अंगाने दाखवलेलं. त्याच्या अकरा वर्षं आधी टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट कोसळला होता, म्हणून हा असा जाडजूड बांधला. मधले दोन गाळे प्रत्येकी ५२१ मीटरचे.

किनाऱ्यावर बाक आहेत. तिथून तीन शतकांचे तीन पूल शेजारी शेजारी दिसतात, १८९०, १९६४ आणि २०१७. वहीत अर्धा तास होता. दादा बसले ते बसलेच. डोकं थोडं डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने पाहत होते. एक गाडी गेली, मग दुसरी, मग तिसरी. मी घड्याळ दाखवायला पुढे झालो तर वहिनींनी मला हाताने थांबवलं. आम्ही दोन तास बसलो. किल्ला त्या दिवशी पाहायचा राहिला, दुसऱ्या दिवशी पाहिला.

विमानतळावर गाडी परत करताना तिथला मुलगा गाडीभोवती फिरला. डाव्या पुढच्या चाकाजवळ वाकला, रिमवरून बोट फिरवलं. वीतभर ओरखडा. इथे एक कामाचं सांगतो. भाड्याच्या विम्यात पहिली ठरावीक रक्कम आपल्यावर असते. ती भरून देणारा वेगळा विमा आधी घेतला तर स्वस्त पडतो. मी घेतला होता, पैसे नंतर मिळाले. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

मुलगा लिहीत होता. दादा जवळ आले, वाकून चाक पाहिलं आणि सरळ झाले.

"डावीकडचं का रे?" ते म्हणाले. "डोळे तपासून घे एकदा."

इंदूरला आल्यावर घेतले. नंबर वाढला होता.

माझं एवढंच. गावांची आणि तासांची यादी हवी असेल त्यांनी माझ्याकडे मागू नये. दादा दुसऱ्या रांगेत बसलेत, वही त्यांच्याजवळ आहे.